उघडी गाडी आणि झाकलेली गाडी

मोटारसायकलीला आपल्याकडे पूर्वी फटफटी म्हणत. नाव आवाजावरून पडलेले होते आणि त्या एका नावात राजदूत, बुलेट, जावा, येझदी अशा सगळ्यांचा सुखाने समावेश होत असे. ही दूधवाल्याची फटफटी, ती ग्रामसेवकाची, ती सासऱ्याने जावयाला दिलेली, एवढाच काय तो भेद. आणि तोही गाडीचा नव्हे, मालकाचा. आता ते नाव लोपले आहे. गाडीचा आवाज मऊ झाला म्हणून ते लोपले असे कोणी म्हणेल. मला वाटते, एका नावाने भागत नाही अशी आपली समजूत झाली, म्हणून ते लोपले.

भंडाऱ्याहून नागपूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात शहापूर येते. जवाहरनगरची आयुधनिर्माणी, एक अभियांत्रिकी महाविद्यालय, भोवताली धानाच्या बांध्या आणि पूर्वीचा सहा क्रमांकाचा, आता ५३ क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा राष्ट्रीय महामार्ग. अशा गावी सकाळच्या वेळी रस्त्यावर येणाऱ्या दुचाक्यांकडे तुम्हाआम्हाला एक रहदारी म्हणून पाहता येते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला तसे पाहता येत नाही. त्याची नजर आधीच वर्गीकरण करून मोकळी झालेली असते: ही ‘नेकेड’, ती ‘स्पोर्ट’, आणि बाकीच्या नुसत्या गाड्या. ‘नेकेड’चा सरळ मराठी अर्थ सांगण्याचे धैर्य अजून कोणी केलेले नाही, आणि तशी गरजही पडलेली नाही, कारण तो शब्द त्याच्या तोंडी मराठीच झाला आहे.

ज्या वाचकांचा ह्या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. नेकेड म्हणजे जिचे इंजिन, सांगाडा, नळ्या सगळे डोळ्यांना दिसते अशी गाडी. तिचा हँडल रुंद आणि उंच असतो; चालवणारा बऱ्यापैकी ताठ बसतो. स्पोर्ट म्हणजे जिच्या पुढच्या आणि बाजूच्या अंगावर वारा कापणारे कवच चढवले आहे अशी. ह्या कवचाला कंपन्या फेअरिंग म्हणतात. गॅरेजात त्याला ‘फायबर’ म्हणतात. हिचा हँडल खाली, पाय ठेवायच्या दांड्या मागे, त्यामुळे चालवणारा टाकीवर ओणवा होतो. चित्र असे अगदी स्वच्छ आहे. आणि तरीही ही गाडी अमुकच का, असे विचारले की जी उत्तरे येतात ती एकमेकांशी जुळत नाहीत. एक म्हणतो, फायबरवरून ओळखायचे. दुसरा म्हणतो, बसण्याच्या ढबीवरून. तिसरा म्हणतो, इंजिनाच्या स्वभावावरून. चौथा म्हणतो, ती कशासाठी बनवली त्यावरून. चौघांनाही गाडी पाहताच नाव सुचते आणि चौघांचेही बहुधा एकच असते. फक्त त्या नावाचे कारण चौघांचे चार असते. एखाद्या शब्दाची अशी अवस्था झाली की समजावे, येथे विचार करण्यासारखे काही आहे.

ही चार लक्षणे एकेक तपासून पाहू. कवच हेच लक्षण मानावे, तर इंग्लंडातल्या व्हिन्सेंट कंपनीने १९५४-५५च्या सुमारास ‘ब्लॅक प्रिन्स’ नावाची गाडी सर्वांगी झाकून विकायला काढली होती. शर्यतीसाठी नव्हे, तर चालवणाऱ्या सद्गृहस्थाच्या कपड्यांवर चिखल उडू नये म्हणून. बीएमडब्ल्यूची १९७६ सालची ‘आर १०० आरएस’ पूर्ण कवचाची होती, पण तिचे काम दूरचा प्रवास हे होते. म्हणजे झाकलेली गाडी स्पोर्टच असते असे नाही. ढब हे लक्षण मानावे, तर लंडनच्या एस कॅफेसमोर १९६०च्या आसपास जमणारी पोरे साध्या उघड्या गाड्यांना खाली उतरवलेले हँडल लावून ओणवी होऊन पळवीत असत. इंजिन मानावे, तर यामाहाची ‘आर १५’ आणि २०१९ साली भारतात आलेली ‘एमटी १५’ ह्या दोघींच्या पोटात १५५ सीसीचे एकाच घराण्याचे इंजिन आहे. एक झाकलेली, एक उघडी.

आणि उपयोग मानावा, तर काय म्हणावे? हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग साठावरून एकशेवीसवर गेला तर विरोध चौपट होतो आणि तो तोडायला लागणारी शक्ती आठपट. तेव्हा कवचाचे खरे काम भरधाव वेगात आहे. आता चौपदरी महामार्गावर दुचाकीला २०१८च्या अधिसूचनेने ताशी ८० किलोमीटरांची मर्यादा घालून दिली आहे, आणि शहापुरातून महाविद्यालयात जाणाऱ्याला गतिरोधक, गुरे आणि धानाची ट्रॉली ह्यांनी त्याहून खालची घालून दिलेली आहे. उघडी आणि झाकलेली दोन्ही गाड्या त्याच रस्त्याने, त्याच वेगाने, त्याच वर्गात जातात. उपयोगाने त्यांच्यात भेद पडत नाही.

ह्या गोंधळाचा उत्तम नमुना आपल्या महाराष्ट्रातच सापडतो. २०१२ साली बजाजची पल्सर ‘२०० एनएस’ बाजारात आली. एनएस ही ‘नेकेड स्पोर्ट’ ह्या शब्दांची आद्याक्षरे. २०१५ साली, तीन स्पार्क प्लगांचे तेच २०० सीसीचे इंजिन घेऊन ‘आरएस’ आली. म्हणजे ‘रेस स्पोर्ट’. हिला फायबर चढवले होते आणि इंधन देण्याची पद्धत निराळी होती. ताकदीतला फरक सुमारे एका अश्वशक्तीचा. त्याच वर्षी तिसरी ‘एएस’ आली, ‘अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट’. तिला अर्धे कवच आणि वर एक काच. इंजिन एका कुळीचे, नावे तीन. आणि तिन्ही नावांत ‘स्पोर्ट’ आहेच. विकत घेणाऱ्याने मात्र ह्या तिघींत निवड केली ती तीन निराळ्या स्वभावांतून निवडल्यासारखी.

येथे ‘नेकेड’ ह्या शब्दाच्या जन्माकडे पाहिले पाहिजे. कवचे येण्याआधी सगळ्या मोटारसायकली उघड्याच होत्या, आणि म्हणूनच कोणतीही उघडी नव्हती. शर्यतीच्या गाड्यांना वाऱ्यासाठी कवच आले. ते इतके वाढले की पुढचे चाकही त्यात बुडाले, आणि आडव्या वाऱ्याने गाड्या भरकटू लागल्यावर आंतरराष्ट्रीय महासंघाने १९५८पासून तसल्या सर्वांगी कवचावर बंदी घातली. पुढे १९८५च्या सुझुकी ‘जीएसएक्स-आर ७५०’सारख्या गाड्यांनी शर्यतीचा तो वेष सर्रास रस्त्यावर आणला. मग युरोपातली काही पोरे पडली, त्यांची कवचे फुटली, नवी घ्यायला पैसे नव्हते किंवा इच्छा नव्हती, तेव्हा त्यांनी ती काढूनच टाकली आणि सरळ हँडल लावून गाडी पुन्हा रस्त्यावर आणली. १९९३ साली डुकाटीने ‘मॉन्स्टर’ विकायला आणली तेव्हा हे उणेपण कारखान्यातूनच मिळू लागले. उणिवेचे भूषण झाले आणि भूषणाला नाव लागले.

असे शब्द आपल्यालाही अपरिचित नाहीत. यंत्रमाग येईपर्यंत ‘हातमाग’ हा शब्द कोणाला लागला असता? मोहाडी-पवनीकडच्या विणकराचा माग हा नुसता माग होता. ब्रॉयलर आली तेव्हा अंगणातली कोंबडी ‘गावरान’ झाली. तिच्यात काडीचाही बदल झाला नव्हता. बदल शेजारी झाला होता. बौद्ध तार्किकांनी ‘अपोह’ म्हणून जो सिद्धांत मांडला, की शब्द वस्तूतले काही दाखवीत नाही, तो फक्त इतरांना वगळतो, त्याला ह्याहून चांगली उदाहरणे मिळायची नाहीत. ‘नेकेड’ म्हणजे काय? जी झाकलेली नाही ती.

परंतु एवढ्यानेही भागत नाही. १९९४ साली आलेली आणि विदर्भातल्या गावोगावी पोचलेली स्प्लेंडर ही नखशिखांत उघडी गाडी आहे. तिला कोणी नेकेड म्हणत नाही. म्हटले तर मुले हसतील. का? तिने काही टाकलेले नाही म्हणून. जिला कवच असू शकले असते आणि नाही, तीच नेकेड. जिला ते कधी मिळायचेच नव्हते, ती नुसती गाडी. उघडेपणा निवडलेला असेल तर त्याला नाव, वाट्याला आलेला असेल तर त्याला नाव नाही. बांधीत रोवणीला उतरलेल्या माणसाच्या उघड्या पाठीला आपण कोणत्याही वेषाचे नाव देत नाही, हे ह्या संदर्भात आठवण्यासारखे आहे. नाव देणारी नजर वस्तूकडे पाहण्यापूर्वी तिच्या मालकाकडे पाहून घेते.

आता ह्या नावांचा दर्जा काय? आपल्याकडच्या नैयायिकांनी हा प्रश्न फार बारकाईने हाताळला आहे. ज्या सामान्य धर्मामुळे अनेक वस्तू खरोखरीच एका वर्गाच्या होतात, त्याला त्यांनी ‘जाती’ म्हटले. आणि जो वर्ग आपण सोयीसाठी, एखाद्या बाहेरच्या संबंधावरून पाडतो, त्याच्या धर्माला ‘उपाधी’. गोत्व ही जाती. पाचकत्व, म्हणजे स्वयंपाकीपण, ही उपाधी. मनुष्य स्वयंपाक करतो तोवर स्वयंपाकी. उदयनाचार्यांनी ‘किरणावली’त जाती मानायला आड येणाऱ्या सहा गोष्टी मोजल्या आहेत, त्यांतली एक ‘संकर’. दोन धर्म एकमेकांना सोडूनही राहत असतील आणि शिवाय एखाद्या ठिकाणी एकत्रही नांदत असतील, तर ते जाती नव्हेत. त्यांचे ठरलेले उदाहरण भूतत्व आणि मूर्तत्व ह्यांचे: आकाश हे भूत आहे पण मूर्त नाही, मन हे मूर्त आहे पण भूत नाही, आणि पृथ्वी दोन्ही आहे. सगळ्याच नैयायिकांनी हा नियम मानला असे नाही. पण आपल्या कामापुरता तो नेमका आहे. स्प्लेंडरमध्ये उघडेपणा आहे, स्पोर्टपण नाही. ‘आर १५’मध्ये स्पोर्टपण आहे, उघडेपणा नाही. आणि ‘एनएस’मध्ये दोन्ही आहेत, तेही नावासकट. उदयनाचार्यांच्या न्यायालयात हा खटला पाच मिनिटांत निकालात निघाला असता: ह्या जाती नव्हेत, उपाधी होत.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. उपाधी म्हणजे खोटे नव्हे. स्वयंपाकी हा खरोखरच स्वयंपाक करतो. चाकणला तयार होणाऱ्या केटीएमच्या दोन ३९० गाड्या घ्या. पहिल्या पिढीच्या उघड्या ‘ड्यूक’मध्ये पुढच्या काट्याचा कल २५ अंशांचा होता, तर झाकलेल्या ‘आरसी’मध्ये २३.५ अंशांचा, दोन चाकांमधले अंतरही आरसीत कमी. दीड अंश म्हणजे फार नव्हे. पण वळणावर गाडी किती चटकन झुकते हे तेवढ्यानेही बदलते. खाली उतरवलेल्या हँडलने मनगटांवर भार येतो, आणि पन्नाससाठ किलोमीटर दूर नागपूरला रोज जाऊन येणाऱ्याला ती मनगटे रात्री आपले म्हणणे सांगतात. तेव्हा ‘ही स्पोर्ट आहे बरे का’ असे एखाद्या अनुभवी माणसाने गिऱ्हाइकाला सांगितले, तर त्या वाक्यात उपयोगी ज्ञान असते. नाव टाकून द्यावे असे माझे म्हणणे नाही. नाव ज्या कामासाठी काढले त्या कामापुरते ते खरे असते, एवढेच लक्षात ठेवावे असे आहे.

अडचण येते ती पुढे. नाव गाडीवरून उतरते आणि चालवणाऱ्याच्या अंगावर चढते. ‘स्पोर्टवाला’ हा शब्द आता गाडीविषयी राहत नाही. बाप मुलाला ती गाडी नाकारतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काट्याचा कल नसतो. ती घेणाऱ्या मुलांची एक कल्पना असते. लग्नाच्या बोलण्यात ‘मुलाकडे कोणती गाडी आहे’ हा प्रश्न नुसत्या ऐपतीचा असतो असे नाही. आणि मुलगाही ह्या व्यवहारात निर्दोष नसतो. त्याला गाडीबरोबर स्वभाव विकत मिळाला आहे असे त्याला वाटते, आणि मिळालेला स्वभाव वापरला पाहिजे असेही वाटते. महाविद्यालयाच्या फाटकापासून चहाच्या टपरीपर्यंतच्या दोनशे पावलांतही तो टाकीवर ओणवा होतो. वारा कापायचा नसतो. नावाला जागायचे असते.

ह्यातून दोन अन्याय एकाच वेळी घडतात. एक उघड दिसतो: जो सांभाळून चालवतो त्याच्याकडेही, गाडी तशी म्हणून, संशयाने पाहिले जाते. दुसरा दिसत नाही, पण तो अधिक घातक आहे: जो बेफाम चालवतो त्याला सबब मिळते. “काय करणार, गाडीच तशी आहे.” हे वाक्य तो स्वतः म्हणतो, त्याचे मित्र म्हणतात, पुष्कळदा घरची माणसेही म्हणतात. एकाच नावाने निरपराध्याला दोष लागतो आणि अपराध्याचा दोष धुतला जातो. कृतीची जबाबदारी कर्त्याकडून निघून वर्गाकडे जाते, आणि वर्गाला तर कोणी शिक्षा करू शकत नाही. उपाधीला जाती मानण्याचा हा खरा दंड आहे. तर्कातली चूक आचरणात अशी उतरते.

‘जाती’ हा शब्द वापरताना मराठी माणसाला त्याचा दुसरा अर्थ विसरता येत नाही, आणि भंडारा जिल्ह्यात तर विसरू नयेच. १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, जवळच्याच नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली. ज्या नैयायिकांनी जाती आणि उपाधी ह्यांत इतका सूक्ष्म भेद केला, त्यांच्याच परंपरेने ब्राह्मणत्व ही खरी जाती मानली, आणि बौद्ध तार्किकांनी ते नाकारले. वाद शब्दांचा दिसत होता; परिणाम पाणवठ्यावर आणि देवळाच्या पायरीवर होत होता. मोटारसायकलीच्या नावाची त्या दुःखाशी तुलना करणे हा अतिरेक होईल, आणि मी ती करीत नाही. मी एवढेच म्हणतो की मनाची ती खोड एकच आहे: वेषावरून वर्ग, वर्गावरून स्वभाव, स्वभावावरून निकाल. मोठ्या गोष्टीत ही खोड सोडायची असेल तर लहान गोष्टीत ती ओळखता आली पाहिजे. लहान गोष्टीत ओळखणे सोपे, कारण तेथे आपले काही पणाला लागलेले नसते.

काही पणाला लागलेले नसते, असे मी म्हटले खरे. पण दुचाकीच्या बाबतीत तेही पुरते खरे नाही. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. सरकारी अहवालात ही सारी ‘दुचाकी’ ह्या एकाच रकान्यात आहेत. तेथे नेकेड नाही आणि स्पोर्टही नाही. कायद्यालाही हे भेद ठाऊक नाहीत. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात परवान्यासाठी मोटारसायकली दोनच प्रकारच्या: गिअरची आणि बिनगिअरची. तृतीय पक्षाच्या विम्याचा हप्ता ठरतो तो इंजिनाच्या सीसीवरून. हे वर्ग रुक्ष आहेत. पण प्रत्येक वर्ग कशासाठी पाडला हे विचारताच सांगता येते. गिअर टाकता येतो की नाही, हे परवाना देणाऱ्याला कळायला हवे. इंजिन केवढे, हे विमा उतरवणाऱ्याला कळायला हवे. कोणालाही त्यावरून माणसाचा स्वभाव काढायचा नाही. चांगल्या उपाधीचे हेच लक्षण, की ती आपले काम सांगते आणि काम झाल्यावर गप्प बसते.

१९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा एक नियम आहे. मागे बसणाऱ्यासाठी धरायला आधार असावा, पाय ठेवायला दांडी असावी, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला असावा, म्हणजे कपडे चाकात अडकणार नाहीत. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो त्याचे मूळ येथे आहे. पुष्कळ हौशी मुले गाडी घरी आणल्याबरोबर पहिल्यांदा तेच काढून टाकतात. नेकेडवालेही काढतात आणि स्पोर्टवालेही. गाडीच्या रूपाला ते शोभत नाही म्हणतात. चालवणाऱ्याने केलेल्या सगळ्या वर्गीकरणांत मागच्या माणसाचा विचार कोठेच नसतो, हे येथे स्पष्ट होते. कवच, ढब, इंजिन, उपयोग ही चारही लक्षणे एकट्या माणसाची आहेत.

आपल्याकडे गाडी एकट्याची कधीच नसते. तिच्यावरून आईला दवाखान्यात न्यायचे असते, बहिणीला परीक्षेला सोडायचे असते, खताचे पोते आणायचे असते. उंचावलेल्या मागच्या चिमुकल्या गादीकडे पाहून एखादी म्हातारी म्हणते, “गाडी चांगली हाये बापा, पन मले बसाले जागा कुठी हाये?” तिला नेकेड आणि स्पोर्ट ह्यांतला भेद समजावून सांगता येईल, तो ऐकून घेऊन ती पुन्हा तेच विचारील. कारण तिचा प्रश्न गाडी दिसते कशी हा नाही. आपल्या निवडीत दुसऱ्याला जागा आहे की नाही, हा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर नेकेड गाडीवरही ‘नाही’ असू शकते आणि स्पोर्ट गाडीवरही ‘आहे’ असू शकते. ते फायबरवर ठरत नाही, चालवणाऱ्यावर ठरते.

मुलांनी गाड्यांना नावे ठेवू नयेत असे मी म्हणणार नाही. नावे ठेवण्यात आनंद आहे, आणि त्या वयात दोन गाड्यांतला भेद डोळ्यांनी टिपता येणे हीसुद्धा एक विद्याच आहे. फक्त गाडीचे नाव सांगून झाल्यावर कोणी माणसाविषयी विचारले, तर तेथे नवे उत्तर शोधावे. जुनेच पुढे सरकवू नये. गाडी कोणती, हे पाहून सांगता येते. माणूस कसा, हे त्याच्या मागे बसून नागपूरपर्यंत गेल्याशिवाय सांगता येत नाही.